एका वस्तूची एक जागा

जॉन कॉनवे यांच्या 'गेम ऑफ लाइफ'मधल्या आकृत्यांना मी कलाकृती मानते. कलाकृती म्हटलं की ती कोणी केली, कधी केली, तशी आधी कुणी केली होती का, हे प्रश्न आलेच. आणि हे प्रश्न आले की सूची करणंही आलं. माझं सगळं आयुष्य संगणकावरच्या नोंदींमध्ये गेलं, पण सूचीकडे बघण्याची नजर मला त्या नोकरीने दिली नाही, गणिताच्या वर्गानेही दिली नाही. ती दिली नाशिकच्या आमच्या कॉलेजातल्या ग्रंथपालबाईंनी. बाईंना गणितात विशेष गोडी नव्हती. 'लाइफ' हे नावही त्यांनी माझ्याकडूनच पहिल्यांदा ऐकलं. तरी या विषयात मी ज्यांची सर्वांत जास्त ऋणी आहे, त्यात त्यांचं नाव पहिलं येतं.

बाईंपर्यंत मी पोचले ती कापरेकरांमुळे. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर देवळालीच्या शाळेत १९३० पासून १९६२ पर्यंत शिक्षक होते, आणि नाशिकच्या मुलांना ते घरचे वाटत. आमच्या शाळेत सरांनी त्यांचा ६१७४ हा अंक फळ्यावर करून दाखवला होता. चार अंकी कोणतीही संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, मग चढत्या क्रमाने मांडा, वजाबाकी करा, आणि उत्तराला पुन्हा तेच करा. ३५२४ घेतले तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७, मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२, मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. सात पायऱ्यांच्या आत कोणतीही संख्या तिथेच येऊन थांबते. मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'च्या मार्च १९७५ च्या अंकात कापरेकरांवर लिहिलं आणि देवळालीच्या मास्तरांचं नाव जगभर गेलं. तो अंक मला डोळ्यांनी बघायचा होता.

बाईंनी तो बांधीव खंड काढून दिला. मी वाचून परत करायला गेले तेव्हा त्यांनी तो तसाच जागेवर ठेवला नाही. "लेखक आवडला ना? मग याचं मागचं काय काय आहे ते बघ," म्हणाल्या आणि वार्षिक सूची कशी लावायची ते दाखवलं. लेखकाच्या नावावरून मी मागे मागे गेले आणि ऑक्टोबर १९७० च्या लेखाशी थांबले. त्या लेखात कॉनवेंचा खेळ होता.

नियम इतके थोडे आहेत की एका श्वासात सांगता येतात. चौकटींचा कागद घ्यायचा. प्रत्येक घराला आठ शेजारी. भरलेल्या घराला दोन किंवा तीन भरलेले शेजारी असतील तर ते पुढच्या पिढीत टिकतं, नाहीतर मरतं. रिकाम्या घराला बरोबर तीन भरलेले शेजारी असतील तर तिथे नवा जन्म होतो. सगळी घरं एकाच वेळी बदलतात. बस. त्यापुढे माणसाने काही करायचं नाही, फक्त सुरुवातीची मांडणी आपली.

केंब्रिजमध्ये कॉनवे आणि त्यांचे सहकारी हे 'गो' या खेळाच्या पटावर सोंगट्या मांडून हाताने करत होते. पाच घरांची एक आकृती चार पिढ्यांनी पुन्हा तशीच होते, पण तिरकी एक घर पुढे सरकलेली असते, हे रिचर्ड गाय यांच्या लक्षात आलं. तिचं नाव पडलं ग्लायडर. एखादी आकृती अमर्याद वाढत राहील का, याचं उत्तर देणाऱ्याला कॉनवेंनी ५० डॉलरचं बक्षीस लावलं होतं. १९७० संपायच्या आतच बिल गॉस्पर आणि एमआयटीतल्या त्यांच्या सोबत्यांनी ते मिळवलं. त्यांनी दर तीस पिढ्यांनी एक ग्लायडर सोडणारी तोफ बांधली. ती तोफ मी आलेखाच्या कागदावर पिढी पिढी काढली आहे. ती पाहिल्यावर हा नुसता कोड्यांचा खेळ आहे असं मला कधीच वाटलं नाही. कुणीतरी ती रचली होती. तिच्यात तोल होता आणि काटकसर होती.

माझ्याकडे आलेखाच्या वह्या साठत गेल्या. पाच-सहा घरांच्या ज्या ज्या मांडण्या सुचतील त्या मी करून बघे आणि शेवटी काय उरतं ते लिहून ठेवी. एक दिवस वाचनकक्षात बसले असताना बाई मागून आल्या आणि वहीकडे बघत उभ्या राहिल्या.

"हे काय गं, ठिपक्यांची रांगोळी?"

मी खेळ समजावून सांगितला. म्हटलं, "बाई, मला यांना नंबर द्यायचे आहेत. कुठून सुरुवात करू?"

"नंबर नंतर. आधी सांग, यात वेगळ्या किती आहेत?"

आणि त्यांनी वही पाव वळसा फिरवली. होडीच्या आकाराची पाच घरांची आकृती होती, तिचं नाक आता दुसरीकडे झालं. "ही आता दुसरी झाली का?" मी मान हलवली, नाही. मग त्यांनी ते पान सुटं करून खिडकीवर उलटं धरलं. पातळ कागदातून शाई पलीकडून दिसत होती, डावं उजवीकडे गेलेलं. "आणि आता?" पुढच्या पानावर तीन घरांचा ब्लिंकर होता, जो एका पिढीत उभा आणि पुढच्या पिढीत आडवा असतो. त्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "हा तर हलतोय. मग याची नोंद उभ्याची करणार की आडव्याची? एक काहीतरी ठरव, आणि ठरवलंस की सगळीकडे तेच पाळ."

त्या दुपारी त्यांनी मला त्यांच्या तालिकेचे खण उघडून दाखवले. कार्डांच्या मधून गेलेली लोखंडी सळई, बोटांनी मऊ पडलेल्या कडा. नाशिकच्या मुलीला नाशिकचंच उदाहरण त्यांनी दिलं. एका कार्डावर कुसुमाग्रज होतं आणि दुसऱ्यावर शिरवाडकर, वि. वा. कविता एका नावावर, नाटकं दुसऱ्या नावावर, माणूस एकच. मग एका नावाखाली 'पहा' अशी नोंद लिहून वाचकाला दुसरीकडे पाठवायचं. वाचक कोणत्याही नावाने आला तरी चालेल, पण पोचला पाहिजे. जयवंत दळवी आणि ठणठणपाळ यांचंही तसंच.

दुसरी गोष्ट त्यांनी सांगितली ती अंकांची. ग्रंथालयात पुस्तकाला दोन अंक असतात. दाखल अंक म्हणजे पुस्तक कितवं आलं तो. वर्गांक म्हणजे पुस्तक कशाबद्दल आहे तो. दाखल अंकावरून पुस्तक कधी आलं ते कळतं, त्यात काय आहे ते कळत नाही. वर्गांक मात्र पुस्तकाच्या पोटातून निघतो. हे सांगताना त्यांनी रंगनाथन यांचं नाव घेतलं. शियाळी रामामृत रंगनाथन मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल होण्याआधी गणित शिकवत असत, हे मला बाईंकडून कळलं. १९३३ च्या त्यांच्या 'कोलन' वर्गीकरणात विषयाचे पैलू सुटे करून ते ठरलेल्या क्रमाने जोडायचे आणि त्यातून अंक बांधायचा, अशी पद्धत आहे. तयार अंकांच्या यादीतून एक उचलायचा, असं त्यात नाही. बाईंना त्या पद्धतीबद्दल फार आदर होता, आणि त्यांच्यामुळे मलाही वाटू लागला.

पुढे मी संगणकाच्या क्षेत्रात आले. एकाच खातेदाराची चार तऱ्हेने लिहिलेली नावं एकत्र आणणं, हे कितीतरी वर्षं माझं काम होतं. 'आधी सांग, वेगळ्या किती आहेत?' हा प्रश्न मी तिथे रोज विचारला. पण हा लेख त्या नोकरीबद्दल नाही.

दरम्यान 'लाइफ'चं जग वाढत होतं. रॉबर्ट वेनराइट यांनी १९७१ ते १९७३ या काळात 'लाइफलाइन' नावाचं पत्रक चालवलं. लोक टपालाने शोध पाठवत आणि ते शोधकाच्या नावासह छापत. डीन हिकरसन यांनी आंदोलकांचा म्हणजे ठरावीक पिढ्यांनी मूळ रूपावर येणाऱ्या आकृत्यांचा संग्रह केला आणि त्याला तिकिटांच्या संग्रहाचं नाव दिलं. स्टीफन सिल्व्हर यांनी संज्ञांचा कोश तयार केला. या सगळ्यांत आकृत्यांना नावं होती, आणि सुंदर नावं होती. पण नाव ही एका माणसाने दिलेली ओळख असते. तुमच्या पडद्यावर एखादी अनोळखी आकृती आली तर तिचं नाव शोधायचं कुठून? शब्दकोशात शब्द शोधायला आधी शब्द माहीत असावा लागतो.

२०१५ साली अॅडम गाउचर यांनी 'कॅटागोलू' नावाची सूची सुरू केली. तिच्यातली संकेत-पद्धत मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला बाईंची खिडकी दिसली. ती पद्धत थोडी सविस्तर सांगते, कारण तिचं सौंदर्य तपशिलात आहे.

सहा घरांची एक स्थिर आकृती घ्या, मधाच्या पोळ्यासारखी, म्हणून तिला बीहाइव्ह म्हणतात. ती उभी ठेवा. तीन स्तंभ होतात. प्रत्येक स्तंभात वरून खाली घरांना १, २, ४, ८, १६ अशी किंमत द्यायची आणि भरलेल्या घरांची बेरीज करायची. पहिल्या स्तंभात दुसरं आणि तिसरं घर भरलेलं आहे, २ आणि ४ मिळून ६. मधल्या स्तंभात पहिलं आणि चौथं, १ आणि ८ मिळून ९. शेवटच्या स्तंभात पुन्हा ६. झाले ६९६. आता तीच आकृती आडवी करा. चार स्तंभ होतात आणि अंक येतात २५५२. दोन्हींतला कोणता घ्यायचा? जो लहान तो. म्हणून ६९६. त्याच्याआधी 'एक्सएस६' लागतं, म्हणजे स्थिर आकृती, सहा घरांची. पूर्ण संकेत झाला एक्सएस६_६९६. होडीचे चार दिशांनी चार संकेत निघतात, २५३, २५६, ३५२ आणि ६५२. लांबी सारखी असेल तर क्रमाने जो आधी येतो तो घ्यायचा, म्हणून होडी ही २५३. ब्लिंकर आडवा असला तर १११ आणि उभा असला तर नुसता ७. म्हणून ब्लिंकरची नोंद उभ्याची, एक्सपी२_७. त्यातला 'पी२' म्हणजे दर दोन पिढ्यांनी परत येणारा. ग्लायडर सरकतो म्हणून त्याला 'क्यू', आणि चार पिढ्यांचा म्हणून एक्सक्यू४_१५३. एका स्तंभात नवाच्या पुढे बेरीज गेली की अक्षरं वापरायची, ३१ पर्यंत. आकृती पाच ओळींहून उंच असेल तर पाच-पाच ओळींच्या पट्ट्या करायच्या.

फिरवलेली, उलटी धरलेली, हलतानाची, सगळी रूपं तपासून त्यातून एकच ठरवायचं आणि ते सगळीकडे पाळायचं. बाईंनी आलेखाच्या कागदावर जे विचारलं होतं त्याचं नेमकं उत्तर हेच होतं. पुण्यातल्या, टोरांटोतल्या आणि टोकियोतल्या तीन माणसांनी एकमेकांना न विचारता तीच आकृती शोधली, तरी तिघांचा संकेत एकच येणार.

यात वर्गांकाच्याही पुढची एक गोष्ट आहे. मोझार्टच्या रचनांना क्योखेल यांनी १८६२ साली क्रमांक दिले. तो क्रमांक हातात असला म्हणून त्यावरून संगीत वाजवता येत नाही. रंगनाथनांचा अंक विषय सांगतो, पुस्तकातली वाक्यं देत नाही. इथे मात्र ६९६ एवढ्यावरून तुम्ही कागदावर ती आकृती परत काढू शकता. सूचीतली नोंद आणि कलाकृती एकच आहे. सूचीकारांच्या इतक्या पिढ्यांत हे फार थोड्यांना साधलं असेल.

आकृत्या कुठून आल्या याचीही नोंद ही सूची ठेवते. जगभरातल्या हौशी लोकांच्या संगणकांवर सोळा बाय सोळा घरांच्या यादृच्छिक मांडण्या चालवल्या जातात आणि शेवटी जे उरतं त्याची गणती होते. ती मांडणी एका बीजशब्दापासून निघते. त्या शब्दावर ठरलेली गणिती क्रिया केली की २५६ शून्य आणि एक मिळतात, आणि सोळा गुणिले सोळा म्हणजेही २५६. सूचीत बीज लिहिलेलं असतं. कुणालाही ते पेरून तीच आकृती पुन्हा उगवलेली पाहता येते.

तरीही हा संकेत एकटा पुरा पडत नाही, असं माझं ठाम मत आहे. २०१० साली अँड्र्यू वेड यांनी 'जेमिनी' रचली. ती आपली प्रत पुढे बांधत आणि मागची पुसत पुढे सरकते. इतक्या प्रचंड रचनेचा स्तंभा-स्तंभाने लिहिलेला संकेत कोणी वाचणार नाही. तिला नाव लागतं, कर्ता लागतो, साल लागतं. कॉनवे ११ एप्रिल २०२० रोजी कोविडने गेले. रिचर्ड गायही त्याच वर्षी मार्चमध्ये गेले. एक्सक्यू४_१५३ या संकेतात गाय कुठेच नाहीत. ते आहेत शब्दकोशातल्या ग्लायडरच्या नोंदीत. म्हणून संकेत आणि नाव दोन्ही हवेत, आणि एकीकडून दुसरीकडे नेणारी 'पहा' ही नोंदही हवी.

सूचीचं आणखी एक काम मला बाईंच्या कपाटांवरून कळलं. प्रत्येक फळीच्या शेवटी त्या थोडी जागा मोकळी सोडत. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाल्या, "येणार आहेत ना पुस्तकं. कुठे काय नाही, तेही दिसलं पाहिजे." आंदोलकांच्या यादीचं नेमकं तसंच झालं. १९९६ साली डेव्हिड बकिंगहॅम यांच्या कामातून ६१ आणि त्यापुढच्या प्रत्येक आवर्तनाचे आंदोलक करता येतात हे सिद्ध झालं. खालच्या आकड्यांमध्ये मात्र मोकळ्या जागा राहिल्या. यादी समोर असल्यामुळे कोणत्या जागा मोकळ्या आहेत ते सगळ्यांना माहीत होतं, आणि त्या भरायला माणसं पुढे आली. २०१३ साली माइक प्लेल यांच्या एका शोधाने ४३ आणि ५३ या जागा भरल्या. शेवटी १९ आणि ४१ उरले. २०२३ साली तेही मिळाले. आता असा एकही आवर्तनकाल नाही ज्याचा आंदोलक नाही. खेळ जगासमोर आल्यापासून याला ५३ वर्षं लागली. यादी नसती तर कुणाला कळलंही नसतं की आपण एकोणीस शोधतो आहोत.

स्थिर आकृत्यांच्या मोजदादीतही हीच मजा आहे. चार घरांच्या दोन, पाचाची एक, सहाच्या पाच, सातच्या चार, आठच्या नऊ, नवाच्या दहा, दहाच्या पंचवीस. फिरवलेल्या आणि उलट्या धरलेल्या एकच मानल्या तरच हे आकडे येतात. बाईंच्या प्रश्नाशिवाय ही मोजणी सुरूच होत नाही.

कॅटागोलू सुरू झाली त्याच्या आधीच बाई गेल्या. निवृत्तीनंतर त्यांचं पत्र येई, तेव्हा "तुझ्या रांगोळ्यांचं काय चाललंय?" हा प्रश्न त्यात असे. मी त्यांना तोफेचं, पुढे आंदोलकांचं सांगत गेले. त्यांनी मला कधीही "याचा उपयोग काय?" असं विचारलं नाही. त्या विचारत, "कोणी शोधली? नाव लिहिलंस ना?" त्यांच्या सांगण्यावरून मी माझ्या वह्यांत प्रत्येक आकृतीखाली कुठून घेतली, कोणाची, हे लिहीत गेले. माझ्या स्वतःच्या म्हणाव्यात अशा आकृत्या त्यात फारशा नाहीत. पण ज्या दुसऱ्यांच्या आहेत, त्यांच्यावर दुसऱ्यांची नावं आहेत. याबद्दल मला समाधान वाटतं, आणि त्याचं सगळं श्रेय बाईंचं आहे.

बाईंना माझी वही पाहून ठिपक्यांची रांगोळी आठवली, हे आज मला फार महत्त्वाचं वाटतं. रांगोळीतही ठिपक्यांची चौकट ठरलेली, नियम थोडे, फिरवून तीच दिसणारी रूपं अनेक. घरोघरी अशा वह्या आहेत. आजीने काढलेल्या, आत्याने शेजारणीकडून उतरवून घेतलेल्या, कडा पिवळ्या पडलेल्या. बहुतेकींवर कोणाचं नाव नाही, साल नाही, गाव नाही. तुमच्या घरी अशी वही असेल तर या दिवाळीत ती काढा. प्रत्येक पानाखाली ठिपके किती ते लिहा, कोणाकडून आली ते लिहा, गाव लिहा. एकच रांगोळी दोन पानांवर वेगळी फिरवून आली असेल तर दोन्हीकडे 'पहा' लिहा. आणि ज्यांना विचारायचं आहे त्या अजून घरात असतील, तर त्यांना आजच विचारा.